साठ टक्के ओल

परवा कूलर सज्ज्यावरून खाली उतरवला आणि माझे खांदे दुखायला लागले. अजून एक बादलीसुद्धा ओतली नव्हती. दरवर्षी आमचा कूलर दुरुस्त करून देणारे देविदासभाऊ आले, त्यांनी जाळीतलं जुनं गवत काढून नवं भरलं, पंप चालवून पाहिला आणि त्या ओल्या गवताचा पहिला वास घरभर झाला. लोकांना म्हणे या वासानं सुट्ट्या आठवतात, आंबे आठवतात. मला तीन वर्षांपूर्वीचा एक उन्हाळा आठवतो. तो आठवला की आधी कुठेतरी बसून घ्यावंसं वाटतं.

यंदा मैथिली, माझी मुलगी, पंधरा दिवसांच्या रजेवर घरी आली आहे. ती पुढच्या खोलीत एसी लावून झोपली होती. मी मागच्या खोलीत कूलरपाशी उभी राहून उगाच त्या गवताला हात लावत होते.

आमच्याकडचा मे महिना कसा असतो हे बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. तो नुसता तापत नाही, तो शोषून घेतो. कणीक मळून दहा मिनिटं उघडी ठेवली तर वर पापुद्रा धरतो. गच्चीवर धुण्याचं दुसरं टोक वाळत घालेपर्यंत पहिलं वाळलेलं असतं, असं माझ्या सासूबाई म्हणायच्या. त्यात थोडं मीठमसाला असेल, पण फार नाही. ओठ फुटतात, टाचा फुटतात. लाकडी दारं आकसतात आणि पावसाळ्यात हिसडे देऊनही न लागणाऱ्या कड्या बोटानं लागतात. वाळवणाला मात्र अशी हवा दुसरी नाही. कुरड्या सकाळी घातल्या की दुपारी कडकडीत. या हवेला नावं ठेवताना बाया जरा हात राखूनच असतात, कारण वर्षभराचे डबे हीच हवा भरून देते.

या हवेत, नागपूरच्या प्रताप नगरातल्या आमच्या घरात, मागच्या खोलीतल्या काचेच्या पेटीत एक साप राहतो. त्याला साठ टक्के आर्द्रता लागते.

तो मूळचा आफ्रिकेकडच्या जातीचा, छोटा अजगर. बॉल पायथन म्हणतात. घाबरला की डोकं आत घालून स्वतःचा चेंडू करतो, म्हणून त्याचं नाव गुंडू. मैथिली इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना गाव सोडून जाणाऱ्या एका मैत्रिणीकडून तिनं तो आणला. आपल्याकडचे साप घरात ठेवणं गुन्हा आहे, हे परदेशी म्हणून चालतात, तेही सरकारात नोंद करून. तो कागद तिनं पेटीच्या मागे चिकटवून ठेवलाय. माझे यजमान पहिल्या दिवशी पेटीसमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "अवं, नाग असता तर हात तरी जोडले असते. याचं काय करावं माणसानं?" मग दोन वर्षांनी मैथिलीला नेदरलँड्समध्ये नोकरी लागली. साप विमानात नेणं सोपं नव्हतं. "सहा महिने सांभाळ आई, मी काहीतरी पाहते," म्हणून ती गेली. जाताना पेटीतला बल्ब कसा लागतो, पाणी कुठे मारायचं, महिन्यातून दोनदा उंदीर कसा द्यायचा, सगळं तिनं वहीत लिहून दिलं. अक्षर सुरेख होतं. मी ती वही वाचून जरा रडले होते, ते तिच्यासाठी. सापासाठी रडायची वेळ पुढे आली.

तिच्या मागे पहिल्या थंडीत गुंडूनं कात टाकली ती तुकड्यातुकड्यांनी. भिजलेल्या वर्तमानपत्रासारखे तुकडे पेटीभर. मार्चमध्येही तसंच. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं, अशीच टाकत असतील. पण डावा डोळा मंद दिसायला लागला, चष्म्यावर वाफ धरावी तसा. तेव्हा त्याला कापडी पिशवीत घालून मी प्राण्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टर शांत माणूस. त्यांनी भिंग लावून पाहिलं आणि मला समजावून सांगितलं. सापाला पापणी नसते. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो, आणि कात निघताना तोही तिच्यासोबत निघायला पाहिजे. हवा कोरडी असली तर कात सुकते, फाटते, आणि तो खवला डोळ्यावरच राहून जातो. गुंडूच्या डाव्या डोळ्यावर असे दोन बसले होते, एकावर एक. "ओढून काढायचं नाही, डोळा हाती येईल. पुढची कात अखंड निघाली तर ती हे दोन्ही घेऊन जाईल. नाही निघाली तर मी डोळ्याची खात्री देत नाही." मी विचारलं, पुढची कात कधी. ते म्हणाले, मे महिन्यात.

नागपुरात. मे महिन्यात. मला हसूच आलं, आणि डॉक्टरांनाही आलं असावं, कारण त्यांनी मान खाली घालून लिहायला घेतलं. वर त्यांनी बजावलं, तळ भिजू द्यायचा नाही, ओल्यात बसला तर पोटाला फोड येतील. हवा दमट, जमीन कोरडी. हे ऐकायला सोपं होतं.

पेटीत आर्द्रतेचा छोटा मीटर होता. त्यावर आकडा होता चौदा.

मग माझे ते दिवस सुरू झाले. सकाळी नळ असेपर्यंत कूलरमध्ये बारा बादल्या. पेटीच्या जाळीवर ओला टॉवेल. तो तासाभरात पापड व्हायचा, मग पुन्हा भिजवायचा. नारळाचा भुसा भिजवून, पिळून एका डब्यात भरायचा आणि डब्याला भोक पाडून गुंडूला लपायला द्यायचा. दर दोन तासांनी फवारा. दुपारी अंग टाकलं की डोळा लागण्याआधी टॉवेल आठवायचा. गच्चीवर माझी वाळवणं आणि खाली हे भिजवण, दिवसातून दहादा तो जिना मी चढत-उतरत होते. एकदा मधल्या पायरीवर थांबले आणि मला आठवेनाच की वर जायचंय की खाली.

त्यात यजमानांची छाती. हिंगण्याच्या कारखान्यात त्यांची तीस वर्षं गेली, कंपनीच्या बसनं जाऊन-येऊन. निवृत्त झाले ते दमा घेऊन. कूलरची ओली हवा त्यांना वर्ज्य. त्यांच्या खोलीत एसी, दार बंद, फटीला कापड. मागच्या खोलीत कूलर, दार बंद, फटीला कापड. मधल्या बोळात मी. ते एकदा खोकत खोकत म्हणाले, "माह्या छातीले ओल चालत नाही अन् त्याले ओलीशिवाय जमत नाही. आता तू सांग, तू कोनाकडून?" मी म्हटलं, "मी बादलीकडून." ते हसले, आणि हसल्यामुळे पुन्हा खोकले.

एवढं करून आकडा तिशीच्या वर जाईना. रोज सकाळी मी मीटरचा फोटो मैथिलीला पाठवायची. ती उत्तर द्यायची, "थोडं अजून, आई." ते "थोडं" वाचून माझं डोकं फिरायचं. तिचं काही चुकत नव्हतं, तरी फिरायचं.

कूलरचा पंप अडकला म्हणून देविदासभाऊंना बोलावलं. ते सापाला भीत नाहीत, शेतात मोठे झालेले. पंप उघडता उघडता त्यांचं लक्ष पेटीकडे गेलं. बराच वेळ पाहत राहिले.

"ताई, हा बल्ब काहून लावून ठेवला?"

मी म्हटलं, त्याला ऊब लागते. थंडी वाढली की बल्ब आपोआप लागतो. मैथिलीनं लिहून दिलंय, बल्बला हात लावायचा नाही.

"लिहून कधी देल्लं?"

"डिसेंबरात."

"म्हणजे इकडून कूलर खोली थंडी करून राहिला. खोली थंडी झाली का बल्ब पेटून राहिला. बल्ब पेटला का पानी सुकून राहिलं. अन् तुम्ही आणखी पानी मारून राहिल्या. ताई, नागपुरात मे महिन्यात बल्ब लावून बसले तुम्ही, कोनाले सांगू नका."

मी खरंच कोणाला सांगितलं नाही, आज सांगते आहे. आम्ही सांगकामी माणसं. मोठ्यांनी सांगितलेलं जसं मोडलं नाही, तसं लेकरानं लिहून दिलेलंही मोडत नाही. सुरेख अक्षरात असलं की अजिबातच नाही. बल्ब बंद केला, कूलर कमी वेगावर आणला, जाळी अर्धी काचेनं झाकली. दुसऱ्या दिवशी मीटरवर अठ्ठावन्न. त्याच्या दुसऱ्या दिवशी एकसष्ट. मला कुठलीशी परीक्षा पास झाल्यासारखं वाटलं. मी आकडा यजमानांना जाऊन सांगितला आणि त्यांनी एसीतूनच टाळी वाजवली.

ते चार-पाच दिवस चांगले गेले. गुंडूचं पोट गुलाबी झालं, अंगावरची नक्षी फिकी पडली, उजवा डोळा दुधाळ निळा झाला. कात येण्याची ही लक्षणं. या काळात तो खात नाही, हलत नाही, त्याला धड दिसत नाही. त्या ओल्या डब्यात तो नाक बाहेर काढून पडून राहायचा. मी दुपारी त्या खोलीत खुर्ची टाकून बसायची. घरातली तेवढीच एक जागा जिथं माझे ओठ फुटत नव्हते. मला तो आवडत होता का, हे तेव्हा विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. पण मी त्याच्याशी बोलायची, भाजी काय करू हेसुद्धा विचारायची.

आता जे सांगायचं ते मी टाळत आले आहे.

एका दुपारी मैथिलीचा फोन आला. ती खुशीत होती. तिकडे पाऊस, सायकलवरून ती भिजून आलेली. म्हणाली, घराच्या भिंतीला बुरशी येते, म्हणून तिनं एक यंत्र आणलंय. ते रात्रभर हवेतलं पाणी खेचून घेतं, सकाळी तांब्याभर निघतं, ती ते मोरीत ओतून देते. तिनं मला ते भरलेलं भांडं कॅमेऱ्यासमोर धरून दाखवलं. "पाहा आई, एवढं!" मी म्हटलं, अरे वा. फोन ठेवला. टॉवेल भिजवायची वेळ झाली होती. मी उठलेच नाही.

कारण काय, तर कारण नाही. ताप नव्हता, नळाला पाणी होतं, यजमानांची छाती बरी होती. मला राग आला होता असंही नाही. मी नुसती दमले होते, आणि मला वाटलं, बघू काय होतं. याहून वाईटही वाटलं. वाटलं की याची कात नाही निघाली, डोळा गेला, तर मैथिलीच म्हणेल की आई, आता पुरे, देऊन टाकू कोणाला तरी. मग मला स्वतः काही म्हणावं न लागता मी सुटले असते. अशा हिशोबानं मी तीन दिवस पाणी मारलं नाही. कूलर फक्त हवेवर चालू ठेवला, टॉवेल दोरीवर. खोलीत गेले तीसुद्धा भिंतीकडे पाहत. आणि मैथिलीला सकाळी जुनाच फोटो पाठवत राहिले, एकसष्टवाला. तिन्ही दिवस तिनं अंगठा पाठवला.

चौथ्या दिवशी माझं मलाच सहन होईना. जाऊन पाहिलं तर मीटरवर सतरा. मी भराभरा सगळं केलं, बादल्या, टॉवेल, भुसा. पण त्याचं अंग तोवर खरखरीत झालं होतं. दोन दिवसांनी कात निघाली, डोक्यापाशी फाटून, चिंध्या होऊन. डाव्या डोळ्यावर आता तीन खवले. पुढे आत पाणी धरलं, पू झाला. डॉक्टरांनी औषध घातलं, छेद देऊन पाहिला, महिनाभर मी ड्रॉपर घेऊन त्याच्या तोंडापाशी बसत होते. डोळा गेला. मी डॉक्टरांना आडून विचारलं, दोन-तीन दिवसांनी असा काय फरक पडतो हो? ते म्हणाले, आधीचे दोन होतेच, नक्की सांगता येत नाही. ते मला दिलासा देत होते हे मला कळलं. मैथिली फोनवर म्हणाली, "आई, तू खूप केलं." त्या दिवशी मी जेवले नाही.

त्यानंतर दोन उन्हाळे गेले. मी एकही फवारा चुकवला नाही. कात अखंड निघते, मोज्यासारखी उलटी. सहा महिन्यांचं कोणी काढत नाही, तीही नाही, मीही नाही. माझ्या खांद्याचं दुखणं डॉक्टर वयाचं म्हणतात.

आणि परवा कूलर उतरवल्यावर मैथिली झोपेतून उठून मागच्या खोलीत आली. तिनं गुंडूला बाहेर काढलं, हातावर घेतलं. तो हळूहळू तिच्या मनगटाभोवती फिरला. पोट गुलाबी होतं, म्हणजे कात आली होती. तिनं त्याचं डोकं डावीकडून पाहिलं. तिथं पांढरा बारीक ठिपका आहे, बाकी काही नाही. तिनं अंगठ्यानं त्याच्या बाजूचे खवले हलकेच चाचपले. ते पाहूनच मला बोलावं लागलं असावं.

"मैथिली, त्या उन्हाळ्यात मी तीन दिवस पाणी नव्हतं मारलं. मुद्दाम."

"माहीत आहे मले," ती म्हणाली.

मला वाटलं तिनं नीट ऐकलं नाही. मी पुन्हा सांगायला लागले.

"आई, त्या मीटरच्या कोपऱ्यात घड्याळ आहे. तिन्ही दिवसांच्या फोटोत नऊ चाळीस वाजले होते."

इतकी वर्षं तो मीटर पुसते आहे, ते घड्याळ मी कधी पाहिलंच नव्हतं. मला फक्त आकडा पाहायची सवय.

"मग बोलली काहून नाही तू?"

"काय बोलू? तू इकडे बादल्या उचलून राहिली, बाबांचं पाहून राहिली, अन् मी तिकडे बसून विचारू का, आज पाणी मारलं का नाही?" ती गुंडूकडेच पाहत होती. "अन् खरं सांगू? मले वाटलं, आता तू म्हणशील, नाही होत माझ्याच्यानं. मी वाट पाहून राहिली होती. तू एकदा म्हटलं असतं ना, तर मी दुसऱ्या दिवशी कोणाले तरी देऊन टाकला असता. मले म्हणता येत नव्हतं. मीच आणला होता."

म्हणजे मी तिच्या तोंडाकडे पाहत होते आणि ती माझ्या. एकमेकींचं मन राखण्यात आम्ही दोघी इतक्या तरबेज की त्या तीन दिवसांत दोघींनाही सगळं ठाऊक होतं आणि दोघींनी त्याला वाळू दिलं. त्याच्या बाजूनं बोलायला त्या घरात कोणी नव्हतं. मला तिचा राग आला. मग माझा आला. मग नुसतंच रडू आलं, आणि ते मी पदरानं पुसलं नाही.

"गुंडूच्या डॉक्टरांले मी फोन केला होता. ते म्हणाले, अमरावतीचे एक सर आहेत, त्यांच्याकडे असे बरेच आहेत," मैथिली म्हणाली. "एका डोळ्याचा असला तरी नेतील म्हणे. फोन करू का? आता तू सांग. मी नाही सांगणार."

मी तिच्याकडे पाहिलं. आता कोणी माझ्यासाठी ते बोलणार नव्हतं.

"कर," मी म्हटलं. "नाही होत माझ्याच्यानं."

आवाज माझाच होता, पण मला ओळखू आला नाही. मैथिलीनं मान हलवली आणि खिशातून फोन काढला.

"पण लगेच नको म्हण त्यांना. ही कात निघू दे आधी," मी म्हटलं. "एकच डोळा राहिलाय त्याचा."

तिनं फोन परत खिशात टाकला, गुंडूला अलगद पेटीत सोडलं आणि बादली उचलून नळाकडे गेली. मी तिला थांबवलं नाही.